सागाची फांदी बोटाएवढी असतानाच

साग हे सातपुड्याचं ओळखीचं झाड. आता तो शेताच्या बांधावरही दिसतो. या कोवळ्या सागाची बाजूची फांदी बोटाएवढी असतानाच काढावी. कारण लाकडात आहे. फांदी जिथून निघते, तिथे गाठ पडते. फांदी जाडावते, तशी गाठही मोठी होते. गाठाळ लाकडाला भाव कमी. शिवाय लहान जखम झाड लवकर बुजवतं. मोठी उघडी राहते, कुजते. म्हणून पुन्हा सांगतो, फांदी बोटाएवढी असतानाच काढा.

कुणी म्हणेल, फांद्या काढल्या तर वाढ खुंटेल. शंका रास्त आहे. पानंच झाडाचं अन्न तयार करतात. म्हणून छाटणी फक्त खालच्या भागात करावी, वरचा निम्मा भाग राखावा. शेंड्यापर्यंत ओरबाडलेला साग उंच दिसतो खरा, पण वाऱ्यात वाकतो. दोन शेंडे फुटले असतील, तर सरळ असेल तोच ठेवा.

कोयत्याचा घाव नको. धारदार करवत घ्या. खोडाची साल सोलू नये, आणि खुंटही उरू नये. पावसाळ्यात ओल्या जखमेवर बुरशी धरते. म्हणून पानगळ झाली, की नवी पालवी फुटण्याआधी बांधावर एक चक्कर माराच.