शंखांचं बालपण

केरी, हरमल, मांद्रे, मोरजी. गोव्यातल्या पेडण्याच्या या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी शिंपले वेचताना एखादा भोक पडलेला शिंपला हाती येतोच. भोक अगदी गोल, काठ गुळगुळीत. हे काम असतं वाळूत दडून फिरणाऱ्या नॅटिका नावाच्या मांसाहारी शंखाचं. तो रुंद पायानं भक्ष्याला कवटाळतो, आम्लयुक्त स्राव सोडून कवच मऊ करतो आणि दातेरी जिभेनं खरवडत राहतो. आरपार जायला त्याला कित्येक तास लागतात. एखाद्या शिंपल्यावर भोक अर्धवटच राहिलेलं दिसतं. त्या वेळी तो जीव बचावला, असं समजावं.

लहानपणी असं बचावणं फार अवघड. पुष्कळशा समुद्री शंखांची पिल्लं मोहरीच्या दाण्याहून लहान असतात आणि अंगावरच्या केसाळ पाळ्या हलवत पाण्यात तरंगतात. काही टोचलं, लागलं, की पाळ्या कवचात ओढून घ्यायच्या आणि सरळ खाली बुडायचं, एवढाच बचाव त्यांच्यापाशी असतो. त्यांतली बहुतेक तळाला पोचण्याआधीच खाल्ली जातात. उरलेल्यांची तळाशी खेकडे आणि मासे वाट पाहत असतात.

मग उपयोगी पडते ती दडायची जागा. लाटेनं उघडा पडलेला लहानसा शिंपला पुढची लाट यायच्या आत वाळूत शिरतो. हरमलच्या खडकांवरचे शंख कपारीत शिरून कवचाचं झाकण घट्ट लावून घेतात. भरतीचं पाणी मांडवी नदीतून डिचोली तालुक्यातल्या नार्वे, पिळगावच्या काठापर्यंत चढतं. अशा काठांवरच्या खारफुटीत काही शंख भरती येताच झाडाच्या खोडावर वर सरकतात, कारण त्या पाण्याबरोबर शिकारी मासे आणि खेकडेही येतात.

कवचाचीही यात मोठी कामगिरी आहे. पाण्यात खेकड्याचा वास आला की काही जातींचे शंख आपलं कवच जाड करतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. गीरत व्हर्मे हे 1946 साली नेदरलँड्समध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ. वयाच्या तिसऱ्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. बोटांनी शंख चाचपून त्यांनी ताडलं, की उष्ण समुद्रांतल्या शंखांची कवचं अधिक जाड आणि तोंडं अधिक चिंचोळी असतात. शिकारी बळावले, तसे शंखही कोट्यवधी वर्षं बळकट होत गेले, असं त्यांनी मांडलं.

खेकड्याच्या नांगीवर शंखांनी उपाय शोधला. पण नदीतली रेती उपसली, खारफुटी तोडली, खाणीचा गाळ तळावर साचला, तर पिल्लांनी दडायचं कुठे? त्यावर कवच जाड करून भागत नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: तिसऱ्यो, म्हणजे खायचे शिंपले, काढताना बारीक तिसऱ्यो तिथेच ओल्या वाळूत परत सोडा, आणि तेरेखोल, शापोरा, मांडवीच्या काठची खारफुटी शाबूत राहील यासाठी ग्रामसभेत उभे राहून बोला. आपल्या ताटातल्या तिसऱ्यो आणि खुबे याच काठांवर वाढतात.