जरा बाजूला व्हाल का?

(रौप्यमहोत्सवी छायाचित्र प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)

प्रदर्शनासाठी तुम्ही घरोघरचे अल्बम विश्वासानं माझ्या हाती दिलेत, त्याबद्दल आधी सर्वांचे आभार.

फोटो निवडताना मला सारखे आल्बेर कान आठवत होते. हे पॅरिसचे धनाढ्य बँकर. जग झपाट्यानं बदलतंय, तेव्हा माणसं आज कशी जगतात ते टिपून ठेवू, असं त्यांनी १९०९च्या सुमारास मनावर घेतलं आणि स्वखर्चानं छायाचित्रकार देशोदेशी पाठवले. हिंदुस्थानातही. सुमारे ५० देशांतले ७२,००० फोटो जमले. तेही रंगीत, काचेवरचे! बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण काचेवर पसरून ते रंग मिळत. फोटोला बराच वेळ लागे, तोवर समोरच्यानं हलायचं नाही. म्हणजे चोरून फोटो काढायची सोयच नव्हती. माणसाला विनंती करावी लागे.

१९१३ मध्ये त्यांच्या वतीनं दोन फ्रेंच बायका आयर्लंडला गेल्या. गॉलवे शहरालगत क्लाडा नावाचा कोळीवाडा होता. तिथली गवताने शाकारलेली घरं, तिथल्या बायका त्यांनी टिपल्या. पुढे १९३०च्या दशकात ती घरं पाडली गेली. १९२९नंतरच्या मंदीत कान यांचंही दिवाळं निघालं. पण त्या काचा पॅरिसजवळच्या संग्रहालयात आजही आहेत.

आता आपले अल्बम. गणपती, हळदीकुंकू, सत्यनारायण, फीत कापणं... सगळं आहे, सगळे ओळीनं उभे. पण आमच्या विंगमधल्या आजी दर उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायच्या, त्यांचा एकही फोटो सापडला नाही.

चूक माझीच. एका सकाळी मी कॅमेरा घेऊन गच्चीवर गेलो आणि म्हणालो, "आजी, जरा बाजूला व्हाल का? मागचा डोंगर घ्यायचाय." त्या बिचाऱ्या हसून उठल्या. तो फोटो आज इथे लावलाय. डोंगर छान आलाय. कोपऱ्यात कुरडयांचं प्लॅस्टिक आणि साचा दिसतो. आजी नाहीत. आता त्या जगातही नाहीत, आणि डोंगर समोरच्या टॉवरमागे गेलाय.

म्हणून एक विनंती. या आठवड्यात घरातल्या कुणाचा तरी, रोजचं काम करताना, विचारून एक फोटो काढा. मागे नाव आणि तारीख लिहा. आणि कुणालाही बाजूला व्हायला सांगू नका.