कचेरीच्या देवडीवरील संगणक

लहानशा कचेरींत दहा-बारा संगणक असतात. त्यांना बाहेरच्या जगाशीं जोडणारी तार मात्र एकच असते. या दोहोंच्या मध्यें जें यंत्र बसतें, त्यास राउटर म्हणतात. बाजारांत तो तयार डबीच्या रूपानें मिळतो, म्हणून ती डबी म्हणजेच राउटर असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः राउटर हें एका कामाचें नांव होय. १९६९ सालीं अर्पानेटचा आरंभ झाला, तेव्हां हें काम हनीवेल कंपनीच्या डीडीपी-५१६ या सर्वसामान्य उपयोगाच्या संगणकाकडेच सोंपविलें होतें.

कचेरींतला जुना संगणकही तें करूं शकतो. त्याला नेटवर्कचीं दोन कार्डें लागतात: एक बाहेरच्या तारेसाठीं, दुसरें कचेरींतील स्विचसाठीं. त्यावर लिनक्स बसविलें, तरी एका कार्डावर आलेला लिफाफा तो आपण होऊन दुसऱ्या कार्डावरून धाडीत नाहीं. मुद्दाम सांगितल्यावांचून साध्या संगणकानें परक्यांचे लिफाफे पुढें नेऊं नयेत, असा इंटरनेटचा १९८९ सालचा नियमच आहे. लिनक्समध्यें ही परवानगी एका अंकाची आहे. शून्याच्या जागीं एक लिहिला कीं दार उघडतें.

दुसरा प्रश्न पत्त्यांचा. चौथ्या आवृत्तीचे एकंदर पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते जगास पुरेसे नव्हते. १९९४ सालीं पत्ताबदलाची, म्हणजे नॅटची, युक्ति प्रसिद्ध झाली. १९९६ च्या नियमांत खासगी उपयोगासाठीं कांहीं पत्ते राखलेले आहेत, १९२.१६८ नें आरंभ होणारे पत्ते त्यांतलेच. कचेरींत ते वाटण्याचें काम डीएनएसमास्कसारखी छोटी प्रणाली करते. लिफाफा बाहेर जातांना राउटर त्यावर स्वतःचा पत्ता घालतो, नोंद ठेवतो आणि उत्तर आलें कीं नोंद पाहून तें मूळ संगणकास पोंचवितो.

पुष्कळ ठिकाणीं येथेंच काम संपलें असें मानतात, आणि धोका येथेंच आहे. नॅट हा कारकून आहे. पहारा करणें हें त्याचें काम नव्हे. पहाऱ्यासाठीं लिनक्समध्यें २०१४ पासून एनएफटेबल्स आहे. त्याचे नियम आधीं घालावे, दार मागाहून उघडावें. संगणक पुन्हा सुरू होतांनाही हाच क्रम राहील असें पाहावें. आंतून आरंभिलेल्या संभाषणाचीं उत्तरें येऊं द्यावीं, बाहेरून आलेली नवी हांक नाकारावी, आणि खुद्द राउटरची व्यवस्था फक्त आंतल्या बाजूनेंच करतां यावी. छपाई, फायलींची देवघेव असलीं इतर कामें त्यावर ठेवूं नयेत. देवडीवर प्रत्येक जादा काम म्हणजे एक जादा खिडकी.

असा राउटर डबीपेक्षां वीज अधिक खातो. पण कार्ड बिघडल्यास तें बदलतां येतें, आणि डबी करणाऱ्यानें सुधारणा पाठविणें थांबविलें तरी याचें कांहीं अडत नाहीं. मात्र त्या सुधारणा वेळच्या वेळीं घालणारा व नियमांची प्रत जपून ठेवणारा माणूस कचेरींत हवा. तो नसेल, तर त्या कचेरीनें तयार डबीच घ्यावी हें बरें.