फौजी माणूस कामाला ठेवताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘सैन्यातील अनुभव’ असा विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, सीमेवरच्या गोष्टी दर १५ ऑगस्टला होतात, लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. आज या मंडपात नागापूर आणि सुप्याच्या एमआयडीसीत कारखाने चालवणारे आहेत, पतसंस्थांचे अध्यक्ष आहेत, हॉटेलवाले, ट्रान्सपोर्टवाले, दवाखानेवाले आहेत, साखर कारखान्यात अधिकारी असलेले आहेत. इतके मालक मला एका जागी परत कधी मिळणार? म्हणून आज फौजेतून परत आलेल्या माणसाच्या नोकरीविषयी बोलतो. वीस मिनिटं दिली आहेत, वीसच घेईन.

मी दहावी होऊन दोन वर्षांनी, म्हणजे १९८६ साली भरती झालो. मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीत लिपिक म्हणून लागलो आणि २०१४ साली सुभेदार होऊन पेन्शनीत आलो. तेव्हापासून आम्ही चार-पाच जण दर रविवारी एका मित्राच्या दुकानात बसतो. नव्याने परत आलेल्या जवानांचे बायोडाटे लिहून देतो आणि ओळखीच्या मालकांना फोन करतो. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. पण दोन्ही बाजूंची बोलणी ऐकून जे समजलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या नगरला, आता अहिल्यानगरला, फौज नवी नाही. आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र इथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथे. रणगाड्यांचं संग्रहालय पाहायला लोक लांबून येतात. आपल्या तालुक्यांतून, विशेषतः पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डी या कोरडवाहू भागांतून, पोरं पिढ्यान् पिढ्या भरती होत आली. गावात सुट्टीवर आला की तो शिपाई असो की हवालदार, आपण त्याला ‘मेजर’च म्हणतो! हाक मारताना मेजर आणि काम देताना वॉचमन, एवढाच आपल्या व्यवहारातला घोटाळा आहे.

आधी एक हिशेब समजून घ्या. फौज तरुण राहावी म्हणून जवानाला लवकर घरी पाठवतात. आपल्याकडे शिक्षक, बँकवाले ५८-६० व्या वर्षी निवृत्त होतात. जवान बहुधा पस्तिशीत किंवा चाळिशीच्या आसपास बाहेर पडतो. देशभरात दरवर्षी साधारण ६० हजार सैनिक असे परत येतात. मुलं शाळेत असतात, घराचं कर्ज डोक्यावर असतं, आईवडील थकलेले असतात. म्हणजे तुमच्याकडे अर्ज घेऊन येतो तो म्हातारपणी विरंगुळा शोधणारा माणूस नसतो. त्याच्यापुढे अजून वीस वर्षांचं काम असतं.

सरकारने काही सोय केली आहे. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड च्या पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या गट क मध्ये १० आणि गट ड मध्ये २० टक्के आहे. दहावी झालेल्या आणि १५ वर्षं सेवा केलेल्या जवानाला पदवीधराच्या तोडीचं मानण्याची सवलतही केंद्राच्या गट क च्या काही पदांसाठी आहे. पण सरकारी जागा निघणार किती आणि त्या परीक्षा देणार कितीजण? खासगी क्षेत्राला आरक्षण नाही. तिथे तुमच्या मर्जीवर सगळं आहे. म्हणून तुमच्याशी बोलतोय.

आता आमच्या रविवारच्या बैठकीतली एक गोष्ट. नाव-गाव सांगत नाही. एक हवालदार आला. फौजेतला त्याचा ट्रेड स्टोअरकीपर टेक्निकल. सतरा वर्षं त्याने चिलखती गाड्यांचे सुटे भाग सांभाळले होते. कुठला भाग कधी आला, कुणाला दिला, शिल्लक किती, सगळं खातेवहीत. एक बोल्ट कमी भरला तर लेखी जाब. हा माणूस एका कारखान्यात गेला, तर गेटवर रात्रपाळी देऊ केली. मी त्या मालकांना भेटायला गेलो. ते सज्जन गृहस्थ होते, त्यांना ‘एसकेटी’ या तीन अक्षरांचा अर्थच माहीत नव्हता. मी विचारलं, “शेठ, वर्षअखेरीला स्टोअरची मोजणी करता तेव्हा किती माल जुळत नाही?” ते हसले. म्हणाले, “ते विचारू नका.” मी म्हटलं, “मग जो माणूस तुम्ही गेटवर उभा करताय, तो आत बसवा.” सहा महिने अजमावून बघायचं ठरलं. आज तो त्यांचं स्टोअर सांभाळतो.

यातून मी शिकलो की अडचण बहुतेक वेळा भाषेची असते. फौजी माणसाचा बायोडाटा त्याच्या पलटणीला कळतो, तुम्हाला कळत नाही. म्हणून मालक मंडळींना माझं पहिलं सांगणं असं, त्याचं डिस्चार्ज बुक मागा आणि वाचा. त्यात ट्रेड असतो, केलेले कोर्स असतात, मेडिकल कॅटेगरी असते आणि वर्तणुकीचा शेरा असतो. इतक्या वर्षांची एवढी माहिती दुसरा कुठला उमेदवार हातात आणून देतो? मग ट्रेड आपल्या कामात बसवून बघा. ईएमईचा व्हेइकल मेकॅनिक तुमच्या वर्कशॉपला किंवा कारखान्याच्या वाहन विभागाला चालतो. सिग्नल्सचा माणूस सीसीटीव्ही आणि नेटवर्क बघू शकतो. नर्सिंग असिस्टंट दवाखान्यात हवा. क्वार्टरमास्टरकडे काम केलेला माणूस वसतिगृहाची खानावळ, गोदाम, वजनकाटा सांभाळतो. ज्याने तीस माणसांची प्लाटून सांभाळली, तो तुमची शिफ्ट सांभाळणार नाही का?

दुसरं, मुलाखत कशी घ्यायची. फौजेत कुणी ‘मी केलं’ म्हणत नाही, ‘आम्ही केलं’ म्हणतो. मुलाखतीत तो ‘आम्ही’ म्हणतो आणि तुम्हाला वाटतं याने स्वतः काही केलेलं नाही. तेव्हा खोदून विचारा: त्यात तुमच्याकडे नेमकं काय होतं? हाताखाली माणसं किती? गाडी रस्त्यात बंद पडली तर तुम्ही काय केलं? एवढं विचारलंत की माणूस उघडतो. नुसतं ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणालात तर तो नंबर, रँक आणि नाव सांगून सावधानमध्ये बसेल.

तिसरं जरा कडू आहे. “तुम्हाला पेन्शन आहे ना, मग एवढ्यात भागवा,” हे वाक्य मी जिल्हाभर ऐकलंय. मंडळी, पेन्शन ही त्याने आधी केलेल्या सेवेची आहे, तुमच्याकडच्या कामाचा पगार नव्हे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला घरची दहा एकर बागायत असते, म्हणून आपण त्याचा पगार कापतो का? त्या कामाचा जो दर असेल तो द्या. ज्याला कमी पैशात आणला, तो दुसरीकडे चार पैसे जास्त मिळाले की जाणारच, आणि मग आपण म्हणणार की फौजी टिकत नाहीत.

चौथं, पहिले तीन महिने. फौजेत एक वरिष्ठ असतो आणि हुकूम स्पष्ट असतो. आपल्याकडे मालक एक सांगतात, मॅनेजर दुसरं आणि मालकांचे मेहुणे तिसरं. तिथे तो गोंधळतो. त्याला पहिल्याच दिवशी सांगा, तुम्ही यांना उत्तर द्यायचं. एखादा जुना कामगार त्याच्या जोडीला द्या. उलट बाजूने फौजी भावांनाही सांगतो, शॉप फ्लोअर म्हणजे परेड ग्राउंड नव्हे. इथे कामगाराला हुकूम देऊन भागत नाही, समजावून घ्यावं लागतं, चहा पाजावा लागतो. संगणक शिका. गाडी चालवणार असाल तर नागरी परवाना आधी हातात घ्या. आणि पगाराचा आकडा विचारला की लाजू नका, आकडा सांगा.

माणसं कुठे मिळतील, हेही विचारतात. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि हवी ती जागा लेखी कळवा. तिथे माजी सैनिकांची नोंदणी असते. वर पुण्याला राज्याचा सैनिक कल्याण विभाग आहे, माजी सैनिकांचं महामंडळ ‘मेस्को’ आहे. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीआधीचं प्रशिक्षण देतं आणि मालक व माजी सैनिकांची गाठ घालणारे नोकरी मेळावे भरवतं. यातल्या कुठल्याही दारात गेलात तर उमेदवार मिळतील. फक्त जाहिरातीत ‘माजी सैनिक पाहिजे’ एवढंच लिहू नका, काम काय ते लिहा. शहीद जवानांच्या पत्नी, ज्यांना आपण वीरनारी म्हणतो, त्यांनाही विसरू नका. त्यांच्यात शिकलेल्या मुली आहेत. सत्काराची शाल त्यांच्या घरी पुष्कळ झाली, नोकरी मिळाली तर घर चालेल.

आता ज्यासाठी घाई आहे ते सांगतो. २०२२ साली अग्निपथ योजना आली. लष्करातल्या पहिल्या अग्निवीरांचं प्रशिक्षण २०२३ च्या जानेवारीत सुरू झालं. म्हणजे चार वर्षं पुरी होऊन २०२७ च्या सुरुवातीला ही पोरं घरी येऊ लागतील. जास्तीत जास्त २५ टक्के जण पुढे कायम होतील, असं योजनेत आहे. उरलेले, चारांतले तीन तरी, बावीस ते सत्तावीस वर्षांचे तरुण असतील. हातात सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख असतील, पण पेन्शन नाही. आमच्या पिढीला पडायला पेन्शनची गादी होती, यांना ती नाही. त्यांच्या पैशावर डोळा ठेवून जमीन आणि स्कीम विकणारे आत्तापासून गावात फिरताहेत. त्या पोरांच्या दारी आधी नोकरी पोचली पाहिजे. चोवीस वर्षांचा, धडधाकट, पहाटे पाचला उठणारा, शिकवलं तर शिकणारा मुलगा तुम्हाला आणखी कुठे मिळणार आहे? यांतले काही आपल्याच शाळेचे विद्यार्थी असतील.

परत आलेल्या सैनिकाच्या हातून काय होऊ शकतं, हे आपल्या जिल्ह्याला सांगायची गरज नाही. अण्णा हजारे लष्करात गाडी चालवत होते. १९७५ साली ते राळेगणसिद्धीला परतले. पुढे पाणलोटाचं काम, श्रमदान, नशाबंदी, चराईबंदी यांतून त्या दुष्काळी गावाचं काय झालं ते आपण पाहिलंय. सगळे फौजी तसे नसतात, मीही नाही. पण माणसाला त्याच्या कुवतीचं काम मिळालं तर त्याचा फायदा भोवतालच्या सगळ्यांना होतो, एवढं त्यातून घेऊ या.

मी तुमच्याकडे दया मागत नाही. जो कामाला योग्य नाही त्याला घेऊ नका, फौजी असला तरी. फक्त अर्ज बाजूला ठेवण्याआधी डिस्चार्ज बुक उघडा आणि दहा मिनिटं बोला.

जेवणाच्या मंडपाशेजारी आपल्या शाळेतल्याच दोन माजी सैनिकांनी टेबल मांडलं आहे. तिथे एक वही आहे. तुमच्याकडे येत्या वर्षभरात कुठली जागा निघणार आहे, काम काय, पगार किती, तेवढं लिहून जा. आश्वासन नको, जागा लिहा. पुढच्या रविवारी आम्ही ती वही घेऊन बसणार आहोत.

माझी वीस मिनिटं संपली. जय हिंद! जय महाराष्ट्र!