बाबांची पद्मिनी की रोजची गाडी?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात आयुष्य घालवलं. त्यामुळे वक्ता म्हणून माझं नाव निघालं तेव्हा विषयही गाडीचाच निघणार हे उघड होतं. पण विषय दिला तो सभासदांनीच. गेल्या वर्षभरात मला निरनिराळ्या घरांतून एकच प्रश्न विचारला गेला: "सर, वडिलांची जुनी गाडी उभी आहे. तिच्यावर खर्च करावा, की आहे त्या गाडीवर?"

प्रश्न साधा वाटतो, पण यात पैसा आहे, आठवण आहे आणि घरच्यांचा जीवही आहे. म्हणून जरा सविस्तर बोलतो.

आपल्याकडे जुनी गाडी म्हटलं की बहुतेक वेळा पद्मिनीच निघते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना. इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९६४ पासून ११०० डिलाइट ही गाडी तिथं बनू लागली. पुढे तिचंच नाव प्रीमिअर पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढची सीट अखंड. त्या सीटवर तिघं बसायची आणि एखादं पोर मांडीवर. ज्यांच्या घरी ती होती त्यांच्याकडे लग्नाची वरात, दवाखान्याची धावपळ, बाळंतिणीला घरी आणणं, सगळं तिच्यातूनच झालं. शेजाऱ्यांचंसुद्धा.

या शतकाच्या सुरुवातीला पद्मिनीचं उत्पादन बंद पडलं. म्हणजे तिनं निरोप घेतला आणि आपली सोसायटी उभी राहिली, हे साधारण एकाच सुमारास. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. तिथं टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली होती. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळहळले. ती हळहळ खरी आहे. पण हळहळीवर खर्चाचा अंदाज काढता येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न गाडीचा नाही, कामाचा. ही गाडी काय करणार? रोज मुलांना शाळेत सोडणार, आठवड्याला छत्रपती संभाजीनगरला जाणार? की महिन्यातून एकदा बाहेर निघणार आणि बाकी दिवस कापडाखाली राहणार? रोजचं काम असेल तर उत्तर ठरलेलं आहे. आधी रोजची गाडी.

का, ते सांगतो. समृद्धी महामार्ग आपल्या दाराशी आला. मोटारींना तिथं ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. १२० म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर. तुम्ही "अरे!" म्हणेपर्यंत गाडी आपली पूर्ण इमारत ओलांडून गेलेली असते. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो, वाकतो आणि तापतो. उन्हाळ्यात सिमेंटचा रस्ता आधीच तापलेला. अशा वेळी जुना टायर फुटला तर ड्रायव्हर कितीही मुरलेला असो, हातात फार काही उरत नाही.

आणि आपल्या पार्किंगमध्ये काय दिसतं? सीट कव्हर नवं, मोठा स्क्रीन नवा, टायर गुळगुळीत! टायरच्या खाचेची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर मोटारीला चालत नाही. खाचेत तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की बदलायचा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. खाच शिल्लक दिसली तरी रबर म्हातारं होतंच.

रोजच्या गाडीवर पैसा कुठे घालावा, याचा क्रम लिहून घ्या. आधी टायर. मग ब्रेक: पॅड, ड्रममधले लायनर, आणि ब्रेक ऑइल, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. मग सस्पेन्शनचे बुश आणि व्हील अलाइनमेंट. मग हेडलाइट: काच पिवळी पडली असेल तर पॉलिश आणि झोत खाली बसवणं. समोरच्याला आंधळं करणारे स्वस्तातले पांढरे दिवे नकोत. हे चारही झाल्यावर उरलेल्या पैशात स्क्रीन लावा, गाणी ऐका, माझी ना नाही.

सुधारणेलाही मर्यादा आहे, हे मात्र सांगितलंच पाहिजे. २०१९ पासून नव्या मोटारींना ड्रायव्हरची एअरबॅग आणि एबीएस सक्तीचं झालं. तुमच्या आधीच्या गाडीत ते नसेल तर बाजारातून आणून बसवायची ती वस्तू नव्हे. गाडीच्या पत्र्यापासून वायरिंगपर्यंत सगळं त्यासाठी आखलेलं असावं लागतं. तेव्हा पंधरा वर्षांच्या गाडीवर मोठा खर्च करण्यापूर्वी ती बदलण्याचाही हिशेब मांडा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सुद्धा लक्षात ठेवा. नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला आपल्या मनानं करता येत नाही. पद्मिनीत दुसऱ्या कंपनीचं इंजिन आणि एसी टाकून "दोन्हीचा मेळ घालू" म्हणणाऱ्या तरुणांनी हे कलम आधी वाचावं.

आता जुन्या गाडीकडे येऊ. तिच्याकडे चार गोष्टी बघायच्या: कागद, पत्रा, सामान आणि कारागीर.

कागद आधी. नोंदणी कुणाच्या नावावर आहे? वडील जाऊन दहा वर्षं झाली आणि आरसीवर अजून त्यांचंच नाव, असं बऱ्याच घरांत आहे. नियम असा, की मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची. उशीर झाला असेल तर आधी तो गुंता सोडवा, मग पाना हातात घ्या. बाकी वारसांची संमती लेखी घ्या. गाडी भंगारात उभी असते तोवर ती कुणाचीच नसते. रंग होऊन चमकली की सगळ्यांची होते!

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण, पर्यावरण कर. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये केली आहे. हे सगळं अंदाजपत्रकात धरायचं.

"सर, आमची गाडी व्हिंटेज आहे," असंही ऐकतो. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण ती गाडी रोज रस्त्यावर नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. १९८६ ची पद्मिनी त्या मानाला पोचेल २०३६ साली. तोवर ती कायद्याच्या नजरेत नुसती जुनी गाडी.

दुसरं पत्रा. इंजिन बंद आहे म्हणून घाबरू नका, पत्रा सडलाय का ते बघा. इंजिन खोलता येतं, बांधता येतं. सडलेला पत्रा मात्र एका जागी कापला की चार जागी कापावा लागतो. मॅट उचलून फ्लोअर बघा, दाराच्या खालच्या कडा बघा, जॅक लावायच्या जागा स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. यात आपलं नशीब बरं आहे. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेपेक्षा जालन्याच्या कोरड्या हवेत पत्रा जास्त टिकतो. इथं मरतं ते रबर: काचांच्या पट्ट्या, पाइप, ब्रेकचे वॉशर.

तिसरं सामान. पद्मिनी लाखो घरांत होती म्हणून तिचं सामान अजून मिळतं. मुंबईच्या चोर बाजारात हिंडलात तर काच, पट्टी, दाराचं हँडलसुद्धा सापडेल. कमी खपलेल्या मॉडेलचं तसं नाही. गाडी खोलण्याआधी न मिळणाऱ्या वस्तूंची यादी करा आणि त्या आधी शोधा. गाडी खोलून ठेवली आणि एका काचेसाठी दोन वर्षं थांबली, की ती पुन्हा जोडली जात नाही. पोत्यांतून भंगारात जाते.

चौथं कारागीर. कार्ब्युरेटर जमवणारा, पॉइंटचं अंतर कानानं ओळखणारा मिस्त्री आता साठीच्या पुढे आहे. तो आहे तोवरच हे काम करायचं. जालन्यात लेथवाले, वेल्डर चांगले आहेत. औद्योगिक वसाहतीनं ती माणसं घडवली. बुश, पिन इथं करून मिळते.

काम सुरू केलं तर गाडीला आधी थांबवायला शिकवा, मग पळवायला. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. सिलिंडर, पाइप, लायनर सगळं नवं झाल्याशिवाय ती गेटबाहेर काढायची नाही. वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन ढकलून चालू करू नका. प्लग काढून आत थोडं तेल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग पान्यानं हातानं फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. ते जुनं रबर खराब करतं आणि पाणी धरतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. इथेनॉलला टिकतील असे पाइप घाला. आणि हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये नको. वेल्डिंग, पेट्रोल आणि वर राहणारी पन्नास माणसं, हे जुळणारं नाही.

खर्च किती, असं विचाराल. मिस्त्री सांगेल त्यात निम्मा आणखी मिळवा. ती रक्कम गेली तर घरात कुठलं काम अडेल, हे घरच्यांना विचारा. मुलाची फी, आईचं औषध, रोजच्या गाडीचे टायर, यातलं काही अडत असेल तर पद्मिनीला थांबू द्या. बॅटरी काढा, गाडी ठोकळ्यांवर उचलून ठेवा, हवा खेळेल असं सुती कापड घाला. नीट ठेवलेली गाडी पाच वर्षं वाट बघते.

एक उदाहरण सांगतो, नाव सांगत नाही. दोन भाऊ, वडिलांची पद्मिनी. थोरला म्हणे शोरूमसारखी करू, क्रोमसकट. धाकटा म्हणे देऊन टाका, जागा मोकळी होईल. सहा महिने अबोला. शेवटी मी म्हटलं, आईला विचारलंत का? आई म्हणाली, "मला रंग नको न् क्रोम नको. एका चतुर्थीला तिच्यातून राजूरला जायचंय. तुमचे बाबा न्यायचे तसं." विषय संपला. राजूरचा गणपती इथून पंचवीसेक किलोमीटर. तेवढ्यासाठी ब्रेक, टायर, वायरिंग, कार्ब्युरेटर आणि कागद लागतात. रंग जुनाच राहिला, दारावरचा पोचाही. क्रोमच्या वाचलेल्या पैशात रोजच्या गाडीला चार टायर आले. दोघंही भाऊ आईला घेऊन राजूरला गेले, पुढच्या अखंड सीटवर तिघं!

असा मधला मार्ग बऱ्याचदा निघतो. मूळ रूप न घालवता गाडी नुसती चालती करणं हेही जतनच आहे. आणि पत्रा पार गेला असेल तर भंगारात देण्यात कमीपणा नाही. नोंदणीकृत केंद्रात द्या. तिथल्या दाखल्यावर नव्या खासगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. आपण तर जालनेकर. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. कुणाच्या तरी स्लॅबमध्ये एखादी पद्मिनी असेलच. नंबर प्लेट आरटीओच्या नियमात बसवून द्या, आणि आठवणीला एक हँडल, एक हॉर्न घरी ठेवा.

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच. जी गाडी माणसं वाहते तिचा हक्क पहिला. जी आठवणी वाहते तिचा दुसरा, पण तोही हक्कच आहे. तो डावलू नका. आणि दोन्हींवर अर्धं अर्धं काम करू नका. ब्रेक अर्धा लागून चालत नाही.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी टायरची खाच मोजायचं गेज आणि हवेचं मीटर घेऊन खाली पार्किंगमध्ये येतो. ज्यांना गाडी दाखवायची त्यांनी यावं. दुचाकीसुद्धा चालेल. चहा मात्र सचिवांकडून.