हजेरीपटातून गळालेली मुले

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात रहाटणी येथे केलेले भाषण)



आज आपल्या वस्तीतल्या मुलामुलींच्या हाती गुणगौरवाची प्रमाणपत्रे पाहून ऊर भरून आला. यातल्या बहुतेकांचे आईवडील मराठवाड्यातून, विदर्भातून, साताऱ्या-सोलापुराकडून या औद्योगिक पट्ट्यात पोटासाठी आले. कंपनीतल्या पाळ्या सांभाळून, धुणीभांडी करून त्यांनी मुलांना शाळेत टिकवले. आजचा खरा सत्कार त्या मातापित्यांचा आहे.

मी काही विद्वान नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला साधा कारकून. पण कारकुनाला एक खोड असते. जमा बाजू वाचून झाली की त्याचे लक्ष नावे बाजूकडे जाते. आज आपण जमा बाजू वाचली. किती मुले उत्तीर्ण झाली, कोणाला किती टक्के मिळाले. नावे बाजूला जी मुले आहेत, जी पहिलीत आपल्यासोबत बसली आणि दहावीच्या आत हजेरीपटातून गळाली, त्यांच्यापैकी काहींबद्दल मी बोलणार आहे. गरिबीमुळे शाळा सुटलेली मुले आपल्याला माहीत आहेत. पण काही मुले केवळ चेष्टेमुळे शाळा सोडतात, आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही.

२०२२ साली आपल्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतले. ही आपल्या शहराला अभिमान वाटावी अशी गोष्ट. त्याच सुमारास माझ्या खिडकीवर एक ताई खाते उघडायला आल्या. बँकेच्या अर्जात स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला तृतीयपंथी हाही रकाना असतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१५ मध्ये तशी सूचना सर्व बँकांना दिली होती. ताईंनी तो रकाना भरला. शिक्षणाच्या रकान्यात लिहिले, सातवी. अक्षर इतके वळणदार, की मी न राहवून विचारले, "ताई, पुढे का नाही शिकलात?" त्या म्हणाल्या, "दादा, मधल्या सुट्टीत मुतारीत जायची भीती वाटायची. मुले आत कोंडायची. म्हणून मी दिवसभर पाणीच प्यायचे नाही. शेवटी शाळाच सोडली."

मी शिक्का मारला, पासबुक दिले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मला माझा वर्ग आठवला.

मी आठवीत असताना आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही, शाळेचेही नाही. चालणे-बोलणे नाजूक, आवाज बारीक, रांगोळी अशी काढायचा की बाई फळ्याजवळ मुद्दाम त्याच्याकडून काढून घेत. मराठीचे निबंध त्याच्यासारखे कोणी लिहीत नसे. आम्ही त्याला 'बायल्या' म्हणत असू. त्याच्या चालीची नक्कल व्हायची, दप्तर लपवले जायचे. कवायतीच्या तासाला सरही म्हणायचे, "मुलासारखा चाल." सरच हसले म्हटल्यावर वर्गाला मोकळीकच मिळाली.

मित्रहो, मी त्याला कधी मारले नाही. मी फक्त हसलो. सकाळी त्याची निबंधाची वही उतरवून घ्यायची आणि मधल्या सुट्टीत बाकीच्यांच्या बरोबर त्याला हसायचे, असे मी वर्षभर केले. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आलाच नाही. काही दिवसांनी हजेरीपटातले त्याचे नाव कमी झाले. आम्ही कोणी त्याच्या घरी गेलो नाही. पुढे मी शिकलो, नोकरीला लागलो. तो काय झाला, मला माहीत नाही. ही माझ्या खात्यावरची नावे बाजू आहे आणि ती मी आज तुमच्यासमोर मांडतो आहे.

काही मुले अशी का असतात, असा प्रश्न लगेच विचारला जातो. काही मुलामुलींना मोठे होताना स्वतःसारख्याच मुलाचे किंवा मुलीचे आकर्षण वाटते. त्यांना आपण समलिंगी म्हणतो. काहींना आकर्षण दोन्हींचे वाटते. काहींचे शरीर मुलाचे पण मन मुलीचे, किंवा याच्या उलट असते. ती पारलिंगी किंवा तृतीयपंथी. या सर्वांना मिळून हल्ली 'एलजीबीटी' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा मानसिक आजार नाही असे जाहीर केले. 'उपचार करून बदलून देतो' असे म्हणणाऱ्या डॉक्टरचे वर्तन हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा मांत्रिकाकडे नेणे, मारझोड करणे, घाईने लग्न लावून देणे हे उपाय नव्हेत, तो छळ आहे.

आणि प्रत्येक नाजूक मुलगा समलिंगी असतो किंवा मुलांचे कपडे घालणारी प्रत्येक मुलगी पारलिंगी असते, असेही नाही. माझा वर्गमित्र कोण होता हे मला आजही ठाऊक नाही. ते ठरवणे आमचे कामच नव्हते. तो शाळेत टिकला पाहिजे, एवढेच आमचे काम होते आणि तेच आम्ही केले नाही.

हा विषय आपल्या संस्थेच्या व्यासपीठावर कशाला, असे काही सभासदांच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर आपल्या घराघरांत भिंतीवर आहे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावता येत नसे. शिपायाने वरून पाणी ओतले तरच प्यायचे, शिपाई नसेल तर तहानलेलेच राहायचे. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. त्या ताईंनी मला पाण्याची गोष्ट सांगितली तेव्हा मला साताऱ्याची शाळा आठवली. कारणे वेगळी आहेत, इतिहास वेगळा आहे, दोन्ही एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण वर्गात बसूनही वर्गाबाहेर असणे म्हणजे काय, हे ज्या समाजाला सांगावे लागत नाही, त्या समाजाच्या मुलांनी दुसऱ्या मुलाला मुतारीत कोंडावे, याचे दुःख आपल्याला सर्वांत जास्त व्हायला हवे.

दुसरी हकिकत फारशी सांगितली जात नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. वाचक त्यांना लैंगिक जीवनाविषयी प्रश्न विचारत आणि कर्वे शास्त्राला धरून उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये मुंबईत त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांच्या बाजूने कोण उभे राहिले? बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, आणि वाचकाने विचारलेल्या शंकेला शास्त्रीय उत्तर दिलेच पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा त्यांनी आधार घेतला. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण ही सगळी 'पाश्चात्त्य थेरं' आहेत, असे कोणी म्हणाले, तर त्याला १९३४ सालची ही मुंबईची गोष्ट सांगा. ज्या विषयावर बाबासाहेब न्यायालयात बोलायला कचरले नाहीत, त्यावर आपण घरात बोलायला का कचरावे?

आता कायदा पाहू. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींचे नागरिक म्हणून असलेले मूलभूत हक्क मान्य केले. त्या लढ्यातल्या एक याचिकाकर्त्या गौरी सावंत आपल्या पुण्यात वाढलेल्या आहेत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ खाली प्रौढांच्या संमतीने असलेल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणे न्यायालयाने रद्द केले. दोन्ही निकालांचा पाया कोणता? समता, स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा, म्हणजे संविधानातली कलमे १४, १५, १९ आणि २१. आपण २६ नोव्हेंबरला ज्या संविधानाला वंदन करतो, तेच संविधान या मुलांनाही छाया देते.

शाळेपुरते बोलायचे तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. "मुलासारखा चाल" असे चारचौघांत बोलून वर्गाला हसवणे हाही मानसिक त्रासच आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. त्यात चिडवणे, शिवीगाळ, धमकावणे हेही येते, आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये महाविद्यालयांसाठीच्या रॅगिंगच्या व्याख्येत लिंगओळख आणि लैंगिक कल यांवरून होणारा छळ स्पष्टपणे घातला.

पण कायदा कागदावर असतो आणि छळ मधल्या सुट्टीत होतो. युनेस्कोच्या पुढाकाराने तमिळनाडूत अशा ३७१ तरुणांचा अभ्यास झाला. त्यातील सुमारे ६० टक्के जणांनी माध्यमिक शाळेत मारहाण सोसली होती. शाळेकडे तक्रार करणारे होते अवघे १८ टक्के. म्हणजे शंभरातले ब्याऐंशी गप्प राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये फरीदाबादच्या दहावीतल्या एका मुलाने असा छळ असह्य होऊन जीव दिला. त्याच्या आईने शाळेकडे आधी दाद मागितली होती. शिक्षकांसाठी एनसीईआरटीने २०२१ मध्ये एक मार्गदर्शक पुस्तिका तयार केली, पण आक्षेप येताच ती काही दिवसांतच संकेतस्थळावरून काढली गेली. तेव्हा वरून काही येईल याची वाट न पाहता आपल्या वस्तीत आपणच सुरुवात केली पाहिजे.

काही पालक म्हणतात, अशा गोष्टी बोलल्याने मुले बिघडतील. बंधूंनो, डावखुऱ्या मुलाला मारू नका असे सांगितल्याने वर्गातली सगळी मुले डावखुरी होत नाहीत. आपण मुलांना काही 'व्हायला' शिकवत नाही, माणसाशी माणसासारखे वागायला शिकवतो. तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे, म्हणजे कठोर आणि दुसऱ्याचे काळीज कापणारे शब्द न बोलणे. दर पौर्णिमेला विहारात वंदना घ्यायची आणि शाळेत टोपणनावे ठेवायची, हे जमणारे नाही.

मी चार साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, पालकांसाठी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, हे कायद्यानेच ठरवले आहे. आपण त्या बैठकीला जातो का? तिथे विचारा, तक्रारपेटी आहे का, ती कोण उघडतो, मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाजवळ कोणी शिक्षक असतात का. आपल्या महानगरपालिकेच्या शंभराहून अधिक शाळा आहेत. प्रत्येक समितीत आपल्या संस्थेचा एक जागरूक पालक गेला तरी मोठे काम होईल.

दुसरी, शिक्षकांसाठी. पहिल्या टोपणनावालाच थांबवा. आणि तक्रार घेऊन आलेल्या मुलाला "तूच नीट वाग" असे सांगू नका. त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय घरी किंवा स्टाफरूममध्ये फोडू नका. त्याच्या जिवाला धोका दिसला तरच योग्य माणसाला सांगा, आणि तेही त्याला कल्पना देऊन.

तिसरी, घरासाठी. मुलाने असे काही सांगितले, तर पहिले वाक्य एवढेच असावे, "तू आमचाच आहेस." राग आला, रडू आले तरी हे वाक्य आधी. समजून घ्यायला वेळ लागतो. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि मराठीतून या विषयावर पुस्तके लिहिली. ती आपल्या संस्थेच्या वाचनालयात असावीत, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. त्या पुस्तकांची वर्गणी मी माझ्या पगारातून देईन. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मन:स्वास्थ्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक विनाशुल्क आहेत. ते फलकावर लावावेत.

चौथी, विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी. छळ करणारे दोन-तीनच असतात. त्यांना बळ मिळते ते हसणाऱ्या तीस-चाळीस जणांमुळे. मारामारी करू नका, भाषण देऊ नका. फक्त हसू नका. डबा खाताना त्याच्या शेजारी जाऊन बसा. तो दोन दिवस आला नाही तर घरी जाऊन विचारा. आठवीत मला हे कोणी सांगितले नाही, म्हणून मी तुम्हाला सांगतो आहे.

आणि या मंडपात आज एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असेल, जिला मी बोलतोय ते स्वतःविषयी वाटत असेल, तर तिला माझे एवढेच सांगणे आहे: बाळा, तुझ्यात काही खोट नाही. कोणाला काही सांगायची घाई करू नकोस, पण शाळा सोडू नकोस. 'शिका' हा बाबासाहेबांचा मंत्र तुझ्यासाठीही आहे.

पुढच्या वर्षी गुणगौरव करताना आपण आणखी एक यादी करू. पहिलीपासून आपल्या वस्तीतली कोणती मुले गळाली आणि का, याची. त्या यादीतल्या एका मुलाला जरी आपण परत वर्गात बसवू शकलो, तरी माझ्यासारख्या कारकुनाच्या खात्यावरची थोडी बाकी फिटेल.



नमो बुद्धाय! जयभीम!