टेपनं मोजलेली लाट

वाशीच्या खाडीपुलावरून मी वर्षानुवर्षं ये-जा करतो आहे. खाडीच्या पाण्याला एका कवितेत मी चहाचा रंग दिला होता. गेल्या वर्षी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि तेच पाणी निळसर राखाडी दिसायला लागलं. डावा डोळा झाकला की निळसर, उजवा झाकला की चहा. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूचं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. म्हणजे माझी कविता चुकली की काय? माणूस कवी असला की त्याला अशाच गोष्टींनी झोप येत नाही.

घरात मुलगी बारावी सायन्सला. मी मराठी घेऊन बी. ए. झालेलो. तिला विचारलं, "निळं म्हणजे नक्की काय गं?"

"अब्बा, निळा म्हणजे आखूड लाट, लाल म्हणजे लांब. डोळ्यावर विसंबू नका. मोजा."

नूर हा शब्द मी कितीतरी कवितांत वापरला असेल. त्याची लांबी मोजता येते, हे कधी मनात आलं नव्हतं.

तिनं एक जुनी सीडी काढली, लाल लेझर पॉइंटर आणला आणि तिच्या अम्मीच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप घेतली. मोठ्या पुठ्ठ्याला मधोमध भोक पाडलं. पुठ्ठ्यासमोर बरोबर 50 सेंटिमीटरवर सीडी उभी केली आणि भोकातून लेझर सोडला. मला पुठ्ठ्यामागे बसवलं, कारण लेझरचा झोत डोळ्यात जाणं वाईट, सीडीवरून परतून आलेलासुद्धा. सीडीवर बारीक चऱ्या असतात, एका मिलिमीटरमध्ये 625. म्हणजे दोन चऱ्यांमधलं अंतर 1600 नॅनोमीटर. (मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक भाग म्हणजे नॅनोमीटर.) शेजारच्या दोन चऱ्यांवरून परतणाऱ्या लाटांमध्ये जिथे नेमकं एका लाटेचं अंतर पडतं, तिथे शिखरावर शिखर बसतं आणि लख्ख ठिपका उमटतो. असे ठिपके भोकाच्या दोन्ही बाजूंना पडले. भोकापासून ठिपका 22 सेंटिमीटर. सीडीपासून ठिपक्यापर्यंतचं तिरकं अंतर साडेचोपन्न. बावीसला साडेचोपन्ननं भागायचं आणि 1600 नं गुणायचं. उत्तर आलं, साधारण 645 नॅनोमीटर. पॉइंटरवर छापलं होतं 650. ब्लाउजचं माप घ्यायच्या टेपनं!

गंमत पुढेच आहे. ती टेप ज्या मीटरवर आखलेली आहे, तो मीटरही 1983 पासून प्रकाशावरूनच ठरतो. प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या 29,97,92,458 व्या भागात जेवढा जातो, तेवढा एक मीटर. आणि ज्या लहरींवरून माझा हा आवाज तुमच्या घरी येतो, त्याही याच जातीच्या. वेगही तोच, फक्त लांबी निराळी. एफएमच्या 100 मेगाहर्ट्झला लाट 3 मीटरची भरते, साडीच्या निम्म्याहून थोडी जास्त. त्या लाटा सेकंदाला 10 कोटी. आमच्या लाल ठिपक्याच्या लाटा सेकंदाला सुमारे 460 लाख कोटी.

एवढं मोजून करायचं काय, असं मीही विचारलं. त्यावर तिनं गॅसच्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकलं. ज्योत पिवळीधमक झाली. हा मिठातल्या सोडियमचा पिवळा, 589 नॅनोमीटरच्या आसपासचा. 18 ऑगस्ट 1868 रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं. जमखंडी हे तेव्हाचं पटवर्धनांचं संस्थान. तिथे जॉन हर्शेल, तर आंध्रातल्या गुंटूरला जान्सेन दुर्बिणी लावून बसले होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक तेजस्वी पिवळी रेघ दिसली. पुष्कळांनी ती सोडियमची धरली. डोळ्याला दोन्ही पिवळेच. ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरनं ती रेघ सोडियमच्या जागेवर बसत नाही, हे दाखवलं. ती 587.6 वर आहे. दीड नॅनोमीटरचा फरक, आणि त्यातून पृथ्वीवर कुणी न पाहिलेलं मूलद्रव्य हाती आलं: हेलियम. इथल्या खनिजात ते रॅम्झेला सापडलं 1895 साली.

विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि लॉकियरनं तिथूनच हेलियम शोधला असं सांगतात. मीही आधी ते मोठ्या अभिमानानं ऐकलं होतं. पण 1868 मध्ये लॉकियर भारतात नव्हताच. तो विजयदुर्गला आला तो जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. लोकांच्या आठवणीत तीस वर्षांचं अंतर मिटून गेलं. मला त्याचा राग येत नाही. माझ्या डाव्या डोळ्यानं तरी वेगळं काय केलं?

कवितेतली ओळ बदलावी का, असं मुलीला विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या डोळ्यापर्यंत तेवढाच प्रकाश पोचत होता ना? मग तसं लिहून ठेवा, पण कुठल्या डोळ्यानं पाहिलं तेही लिहा."

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. ते झालं की चहाच्या रंगाची खाडी मला पुन्हा दिसायची नाही. म्हणून गेल्या रविवारी सकाळी सागर विहारला गेलो, कठड्यावर बसलो आणि उजवा डोळा तळहातानं झाकून वही उघडली. पाणी: कोरा चहा. आभाळ: जुना कागद. समोरून गेलेल्या बाईची ओढणी: पोपटी. मग हात बदलला. ओढणी तोवर बरीच पुढे गेली होती, पण ती निळी होती.